स्वयंसेवकाची नोंद आणि त्याची शपथ

इ. स. १९२४ च्या डिसेंबर महिन्यात हुबळी-धारवाडकडून आगगाडीने बेळगावास निघालेली मंडळी लोंढा जंक्शनवरून खानापुरास येत व तेथून पुढे बेळगाव गाठीत. दाट अरण्यातून येणारी ती मीटरगेजची गाडी मलप्रभेकाठच्या खानापूर गावाला नवी नव्हती. गोमंतकातून वर आलेल्या कित्येक कुटुंबांनी याच मार्गाने आपले बिऱ्हाड हलविले होते. परंतु त्या डिसेंबरात या मार्गाने खादीधारी तरुणांची पथकेही जात होती. बेळगावास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरावयाचे होते, महात्मा गांधी अध्यक्ष होते आणि सर्व व्यवस्थेचा भार स्वयंसेवकांवर होता.

या अधिवेशनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. भाषणे, ठराव, नेत्यांची छायाचित्रे यांचे संग्रह झाले. शताब्दीही २०२४ साली होऊन गेली. मात्र त्या तरुणांना मंडळात घेतले कसे, घेताना त्यांच्याकडून काय वदवून घेतले आणि ते पाळले गेले की नाही, या बाजूकडे क्वचितच कोणी वळून पाहतो. महाजन कुटुंबांना मात्र हीच बाजू जवळची वाटावी. उत्सवाच्या दिवसांत पालखी, अन्नसंतर्पण, पादत्राणांची जागा, वाहनतळ अशा साऱ्या कामांसाठी आज प्रत्येक देवस्थान तरुणांचे पथक उभारते आणि पथक उभारले की नावे लिहून घेण्याचा प्रश्न येतोच.

महाजनकीची नोंद ही मुळात निराळ्या जातीची आहे. गोमंतकातील देवस्थानांचे नियम पोर्तुगीज राजवटीने १८८६ साली एकत्र बांधले आणि १९३३ साली ६४५ क्रमांकाच्या कायद्याने त्यांना नवे रूप दिले. त्या व्यवस्थेत महाजनांची नामावली ठेवावी लागते. तीत नाव येते ते कुळाच्या आधारावर. अर्जदाराला वंशाचा पुरावा द्यावा लागतो, वर्तनाचे वचन नव्हे. आजोबा महाजन, म्हणून नातू महाजन. या पद्धतीचा मोठा गुण असा की देवस्थान ओस पडत नाही. खानापूर, बेळगाव, मुंबई अशी कोठेही पांगलेली कुळे त्या एका वहीत बांधलेली राहतात. परंतु वहीत नाव आहे म्हणून माणूस उत्सवाच्या रात्री हातात झाडू घेईलच, असे कोणी म्हणू शकत नाही. स्वयंसेवकाची नोंद याच्या नेमकी उलट आहे. तिला कूळ लागत नाही, वचन लागते. आणि वचन मोडले तर ती पुसताही येते.

या दुसऱ्या प्रकारच्या नोंदीचा आपल्याकडील सर्वांत तपशीलवार नमुना १९२१ सालचा आहे. त्या वर्षाच्या अखेरीस अहमदाबादच्या अधिवेशनात राष्ट्रीय स्वयंसेवक दलाची प्रतिज्ञा ठरावातच घालण्यात आली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने ईश्वरास साक्षी ठेवून ती करावयाची होती. तिची कलमे वाचली म्हणजे ती लिहिणाऱ्याला तरुण माणसाची किती जाण होती हे ध्यानात येते. जोवर मी दलात आहे तोवर उक्तीने व कृतीने अहिंसक राहीन, हे पहिले वचन. मनातही तसाच राहण्याचा कसून प्रयत्न करीन, हे त्याला जोडलेले दुसरे. कृतीची हमी मागितली आणि मनाच्या बाबतीत फक्त प्रयत्नाची. हा भेद फार महत्त्वाचा आहे. जे माणसाच्या हाती नाही त्याची शपथ घ्यायला लावली की शपथ घेणारा पहिल्याच दिवशी खोटा पडतो, हे ज्यांना कळत होते त्यांनीच ही शब्दयोजना केली असली पाहिजे.

पुढे हिंदु-मुसलमान व इतर धर्मीयांचे ऐक्य, स्वदेशी व हाताने कातलेल्या, विणलेल्या खादीचाच वापर, आणि हिंदू असल्यास अस्पृश्यता नाहीशी केली पाहिजे यावर विश्वास, अशी कलमे होती. वरिष्ठांच्या आज्ञा पाळाव्या लागत, पण त्या प्रतिज्ञेच्या भावनेशी विसंगत नसतील तर. तुरुंगवास, मारहाण, प्रसंगी मृत्यूही मनात राग न धरता सोसण्याची तयारी हवी होती. शेवटचे कलम सर्वांत व्यावहारिक होते: तुरुंगात गेलो तर माझ्या कुटुंबाच्या पोषणासाठी राष्ट्रीय सभेकडे काही मागणार नाही. एवढे स्पष्ट बोलून नाव लिहून घेणारी संस्था विरळाच. मागाहून रुसवे-फुगवे होण्यापेक्षा आधीच घरच्या चुलीची गोष्ट काढलेली बरी, असा तो हिशेब होता.

प्रतिज्ञा एवढी काटेकोर, पण नोंदणी मात्र घाईची झाली. नावे भराभर लिहिली गेली, अर्थ समजावून सांगायला वेळ कोणाला नव्हता. १९२२ च्या फेब्रुवारीत संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे मिरवणुकीतील लोकांनी पोलीस चौकी पेटवली व बावीस पोलीस मृत्युमुखी पडले. त्या जमावात प्रतिज्ञा केलेले स्वयंसेवकही होते. गांधीजींनी बारडोलीस चळवळ थांबविली. राष्ट्रीय सभेने त्यानंतर प्रतिज्ञेत न बसणाऱ्यास दलात घेऊ नये अशी ताकीद दिली, पण ती झाल्या प्रकारानंतरची होती.

याच सुमारास आपल्या भागात एक गृहस्थ या कामाचा वेगळ्या अंगाने विचार करीत होते. डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर हे १८८९ साली धारवाड येथे जन्मले. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकले आणि तेथे असताना लाला लजपतराय यांच्या होमरूल कार्यात त्यांचे सहकारी झाले. परत आल्यावर त्यांनी हुबळीस तरुणांचे सेवामंडळ उभे केले. आरोग्यशास्त्राचा माणूस असल्यामुळे असेल, रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून दिनचर्या लावणे ही त्यांची रीत होती. कवायत, वेळेवर उठणे, स्वच्छता, शिबिरात एकत्र राहणे यांतून माणूस पारखला जातो, मग शपथ, असा त्यांचा क्रम होता.

या क्रमाची परीक्षा नागपुरास झाली. १९२३ च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत तेथे झेंडा सत्याग्रह चालला. हुबळीच्या मंडळाचे स्वयंसेवक त्यात जाऊन तुरुंगात पडले. तुरुंगातील जाचाने अनेकांनी क्षमापत्रे लिहून दिली. हुबळीच्या पथकाने दिली नाहीत, ही गोष्ट नेत्यांच्या नजरेत भरली. त्याच वर्षी डिसेंबरात काकीनाडा येथील अधिवेशनाच्या वेळी स्वयंसेवकांची परिषद भरली, जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते, आणि हिंदुस्थानी सेवादल स्थापन झाले. हर्डीकर त्याचे प्राण होते.

विरोध झाला नाही असे नाही. नेहरूंनी आत्मचरित्रात त्याची हकीकत दिली आहे. कित्येक पुढाऱ्यांना वाटले की यामुळे राष्ट्रीय सभेत लष्करी वारे शिरेल. कित्येकांचे मत असे की स्वयंसेवकाने आज्ञा पाळली म्हणजे झाले, पावलाला पाऊल लावून चालण्याची जरुरी काय? शिस्त आणि अहिंसा यांचे जमणार नाही, अशी शंका यामागे होती. ही शंका अगदीच पोकळ म्हणता येत नाही. केवळ कवायत शिकविणाऱ्या संघटनांनी पुढे युरोपात काय केले ते जगाने पाहिले. तथापि चौरीचौऱ्यास जे घडले ते शिस्त जास्त झाल्यामुळे खचित नव्हे.

अशा तयारीनिशी सेवादलाची पहिली मोठी कसोटी बेळगावास लागली. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने आजच्या टिळकवाडी भागात विजयनगर उभे राहिले. पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणण्यात आली, तिला पंपासरोवर असे नाव मिळाले. ती काँग्रेस विहीर म्हणून बेळगावकरांना परिचित आहे. अधिवेशन २६ व २७ डिसेंबरला झाले, आणि गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकच अधिवेशन. हजारो माणसे काही दिवस एका माळावर राहणार म्हणजे सर्वांत बिकट प्रश्न शौचकूपांचा. तो विभाग काका कालेलकर यांच्याकडे होता. पूर्वी बेळगावास राष्ट्रीय शाळा चालविलेले हे गृहस्थ. त्यांना येथील घरे माहीत होती. भंगीकाम म्हणून जे काम हलके मानले जाई ते स्वयंसेवकांनी, आणि त्यांत बऱ्याच ब्राह्मण घरांतील मुलांनी, आपल्या हातांनी केले. प्रतिज्ञेतील अस्पृश्यतेच्या कलमाला येथे खरा अर्थ आला. विश्वास आहे असे म्हणणे सोपे. बादली उचलल्यावर त्याची किंमत कळते. त्या मुलांच्या घरी परतल्यावर काय बोलणी झाली असतील याची कल्पना जुन्या घरांतून वाढलेल्यांना सहज करता येईल.

स्त्री-स्वयंसेविकांची जबाबदारी उमाबाई कुंदापूर यांनी उचलली होती. सारस्वत कुळातील या बाई तरुणपणीच विधवा झाल्या, आणि सासऱ्यांच्या पाठिंब्याने मुंबईत व नंतर हुबळीत स्त्रीशिक्षणाच्या कामात पडल्या. हर्डीकरांनी सेवादलाचा स्त्रीविभाग त्यांच्याकडे सोपविला. अधिवेशनासाठी त्यांनी दीडशेच्या वर स्त्रिया गोळा केल्या, त्यांत विधवाही होत्या. ज्या काळी विधवेने चारचौघांत येणे अपशकुन समजले जाई, त्या काळी तिला खादीचा वेष देऊन पाहुण्यांच्या स्वागतास उभे करणे हे सुताच्या कितीही लांबीपेक्षा मोठे काम होते. यासाठी उमाबाईंना घरोघर जाऊन सासू-सासऱ्यांची समजूत घालावी लागली असेल तर नवल नाही, कारण स्त्रीचे नाव नोंदवहीत यायचे तर आधी घराची संमती लागे.

याच मंडपात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. पुढे हिंदुस्थानी संगीतात अखिल भारतात गाजलेल्या या गायिकेने मोठेपणी सांगितले आहे की गाण्याची भीती तिला वाटलीच नाही. आपण खालच्या जातीच्या, तेव्हा जेवण झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय, ही धास्ती होती. अध्यक्षपदी गांधी असताना एका मुलीच्या मनात ही धास्ती असावी! ती कोणी एका स्वयंसेवकाच्या वागण्याने आलेली नव्हती. ती ज्या समाजातून आली होती त्याने शिकविलेली होती. शपथेच्या कागदाची मर्यादा येथे दिसते.

अधिवेशनात ठराव पुष्कळ झाले. त्यांपैकी एक सभासदत्वाविषयीच होता, आणि तो आजच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. पूर्वी वार्षिक चार आणे दिले की राष्ट्रीय सभेचे सभासद होता येई. बेळगावास ठरले की चार आण्यांऐवजी सभासदाने दरमहा दोन हजार वार, म्हणजे वर्षाला चोवीस हजार वार, सूत द्यावे आणि सभेच्या कामकाजात खादी वापरावी. गांधीजींची कल्पना साधी होती. रोज अर्धा तास ज्याला देशासाठी बसवत नाही, त्याचे नाव यादीत असून उपयोग काय? पैसे खिशातून निघतात, वेळ अंगातून काढावी लागते.

परंतु ही कल्पना मूळ स्वरूपात पुढे आली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादच्या बैठकीत सूत न देणाऱ्या पदाधिकाऱ्याने पद सोडावे असे कलम होते. स्वराज्य पक्षाची मंडळी निषेधार्थ बाहेर पडली आणि ते शिक्षेचे कलम गाळावे लागले. बेळगावच्या ठरावातही तडजोड होती. आजारी असेल, इच्छा नसेल किंवा तसेच काही कारण असेल तर दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालेल, अशी सवलत ठेवण्यात आली. झाले ते सहज कळण्यासारखे आहे. ज्यांना परवडत होते त्यांनी सूत विकत घेऊन पाठविले, ज्यांना जमले नाही त्यांनी पाठविले नाही, आणि खरी कातणारी मंडळी संख्येने थोडी राहिली. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्यास अट बदलली: वर्षाला चार आणे द्या, नाहीतर स्वतः कातलेले दोन हजार वार सूत. महिन्याचे माप वर्षाचे झाले.

ही हार होती असे अनेकांनी म्हटले. तिच्याबरोबर घडलेली दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्याच पाटण्याच्या बैठकीत अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. त्याच्या पहिल्या वर्गाच्या सभासदास दरमहा हजार वार स्वतः कातलेले सूत द्यावे लागे, दुसऱ्या वर्गाच्या सभासदास वर्षाला दोन हजार वार. दोघांनाही नित्य खादी वापरणे आवश्यक. म्हणजे कठीण अट टाकून दिली नाही. ती सगळ्यांवर न लादता, जे आपण होऊन पत्करतील त्यांच्यासाठी निराळी वही केली. मोठ्या संस्थेचे दार रुंद राहिले आणि काम करणाऱ्यांची ओळ वेगळी झाली. बेळगावला जो गुंता झाला तो या दोन वह्या एक करण्याच्या प्रयत्नातून झाला असे दिसते.

पुढील वर्षांत हुबळीहून निघणाऱ्या ‘व्हॉलंटिअर’ या पत्रातून हर्डीकरांनी आपली शिस्त देशभर पोहोचविली. १९३१ साली सेवादल राष्ट्रीय सभेच्या अंगभूत झाले, १९३२ साली सरकारने त्यावर बंदी घातली. हर्डीकरांचे नाव बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभेच्या आरोग्यधामाशी कायमचे जोडले गेले, ते १९७५ साली वारले. उमाबाईंनी दीर्घायुष्य भोगून १९९२ साली देह ठेवला.

याच दशकात गोमंतकावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालात अगदी उलट प्रयोग झाला. सालाझारच्या राजवटीने १९३६ साली ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही युवक संघटना काढली व सात ते चौदा वर्षांच्या मुलांना तिच्यात येणे सक्तीचे केले. गणवेश दिला, सलाम शिकविला. त्याच वर्षी सरकारी नोकरीसाठी साम्यवाद नाकारणारे प्रतिज्ञापत्र लिहून देण्याची अटही आली. पोटासाठी सही करणाऱ्याने ती केली आणि कागद दप्तरात गेला. १९७४ च्या एप्रिलात ती राजवट कोसळली तेव्हा लाखोंच्या नोंदी असलेली ही संघटना वाचवायला कोणी उभे राहिल्याचे ऐकिवात नाही.

मराठी मुलखात १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख होते आणि साने गुरुजी मुलांचे दैवत. येथे प्रवेशाला जात विचारायची नाही आणि मुली-मुलगे एकाच शाखेवर येणार, हा वर्तनाचा पहिला नियम. १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले तेव्हा त्यामागे हीच मुले गावोगाव फिरली होती.

खानापूर तालुक्याचा संबंध याहून जवळचा आहे. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावास नागरी स्वातंत्र्याचा झेंडा उभारल्यानंतर गोमंतकीय गटांची एकजूट झाली ती याच तालुक्यातील लोंढ्यास, आणि नॅशनल काँग्रेस (गोवा) अस्तित्वात आली. पुढे बेळगाव हे तिचे मोठे ठाणे झाले. १९४७ साली निघालेल्या आझाद गोमंतक दलाने शस्त्राचा मार्ग घेतला. दोन्हींकडे तरुण होते, आणि एकाच घरातील दोन भाऊ दोन वेगवेगळ्या वचनांनी बांधले जाणे त्या काळी अशक्य नव्हते. १९५५ च्या १८ मे रोजी ना. ग. गोरे व सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. त्या सत्याग्रहींची अटही १९२१ च्या प्रतिज्ञेचीच वंशज होती: हाती शस्त्र नाही, मार पडला तरी उलट हात नाही. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, गोळीबार झाला, कित्येक मृत्यू पावले. त्यानंतर भारत सरकारने असे प्रवेश थांबविले.

आता प्रश्न गावच्या मंडळांचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर खानापूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तेथे १९६० चा संस्था नोंदणी कायदा आला. सात माणसे एकत्र आली की संस्था नोंदविता येते. नियमावली मात्र बहुधा एका मंडळाची दुसऱ्याने उतरून घेतलेली असते. वर्गणी, सर्वसाधारण सभा, गणसंख्या यांना पाने दिलेली असतात आणि वर्तनाला एक ओळ: मंडळाच्या हितास बाधक वागणाऱ्यास काढून टाकता येईल. बाधक म्हणजे काय, तक्रार कोणी ऐकायची, मुलाला आपली बाजू मांडता येईल का, एक उत्सव बाहेर ठेवायचे की कायमचे, याचा उल्लेख नसतो. प्रसंग आला की मग घराणे पाहून निर्णय होतो. असे एकदा झाले की बाकीची मुले काय शिकायचे ते शिकतात.

देवस्थानाच्या पथकासाठी ही कलमे सही घेण्याच्या आधी मुलांपुढे मोठ्याने वाचावीत, उत्सवात मद्यपान नको आणि प्रसादाच्या पंगतीत जातीभेद नको हे त्यांत साध्या शब्दांत असावे, आणि महाजनाच्या मुलाला व मंडप बांधणाऱ्याच्या मुलाला ते सारखेच लागू असावे. आणखी एक गोष्ट: बहुतेक देवस्थानांत महाजनांची नामावली पुरुषांच्या नावांनीच चालत आली आहे, आणि ती बदलणे कायद्याच्या वाटेचे काम आहे. स्वयंसेवकांच्या वहीला असा कोणताही अडसर नाही. बेळगावच्या माळावर उमाबाईंनी दीडशे स्त्रियांची नावे लिहिली त्यालाही आता शंभर वर्षे होऊन गेली.